किमान भाव आणि पहिली उचल

फेअर ट्रेडचा (छोट्या उत्पादकाला रास्त भाव देण्याच्या व्यवस्थेचा) शिक्का असलेल्या कॉफीच्या पाकिटाबद्दल एक गैरसमज अगदी घट्ट बसलाय: शिक्क्यामागचा किमान भाव शेतकऱ्याच्या हातात पडतो. तो पडतो शेतकऱ्यांच्या संस्थेच्या हातात, तोही माल बंदरात जहाजावर चढल्यावर. शेतकऱ्याला काय मिळतं हा पुढचा हिशोब, आणि आदिवासींच्या कॉफी संस्था टिकतात किंवा मोडतात त्या याच हिशोबावर.

मेक्सिकोच्या ओआखाका राज्यातली ‘उसिरी’ घ्या. सापोतेक, मिहे आणि शेजारच्या इतर आदिवासी गावांनी १९८३ मध्ये उभी केलेली ही संघटना. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ हा पहिला फेअर ट्रेड शिक्का निघाला, तो हिच्याच कॉफीवर. त्याआधी माल घ्यायचा दलाल. तिथे त्याला ‘कोयोते’ म्हणतात, कोल्ह्याच्या जातीतल्या जनावराचं नाव. वजनात मारायचा, उधारीवर मका द्यायचा आणि फळ झाडावर असतानाच भाव ठरवून टाकायचा.

आता आकडे. मेक्सिकोत २४५ किलो पिकली फळं म्हणजे ५७.५ किलो पार्चमेंट (टरफलासकट वाळवलेलं बी) आणि टरफल काढल्यावर ४६ किलो हिरवी कॉफी. हा त्यांचा क्विंटल. आपला शंभर किलोचा नव्हे. धुतलेल्या (पाण्याने गर काढलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर, सेंद्रिय असेल तर वर ०.४०, शिवाय ०.२० प्रीमियम (भावाखेरीज संस्थेला मिळणारी वेगळी रक्कम). म्हणजे साध्या मालाच्या क्विंटलला सुमारे १८२ डॉलर भाव आणि २० डॉलर प्रीमियम. प्रीमियमचं काय करायचं ते सर्वसाधारण सभा ठरवते; त्यातला पाव हिस्सा तरी उत्पादन आणि दर्जावर खर्च करावा लागतो. उरलेल्या १८२ मधून गिरणी, गोण्या, ट्रक, तपासणीची फी आणि कर्जाचं व्याज जातं.

सभासदाला पैसे दोन हप्त्यांत मिळतात: माल घालताना उचल, विक्री झाल्यावर फरक. साखर कारखाना पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. उचल द्यायला संस्थेकडे पैसा हवा. करारातल्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम खरेदीदाराकडे मागायचा हक्क नियमांनी दिलाय. ती वेळेवर आली नाही तर तोडणीच्या ऐन महिन्यात तिजोरी रिकामी, आणि कोयोते मात्र रोख घेऊन दारात.

म्हणूनच मंदीपेक्षा तेजी जास्त धोक्याची. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉफी बाजारातला भाव पौंडाला ५० सेंटच्या खाली घसरला तेव्हा १.२१ डॉलरचा तेव्हाचा किमान भाव म्हणजे देवच. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच बाजार ४ डॉलरच्या वर गेला आणि किमान भाव निरुपयोगी ठरला. अशा वेळी एखाद्या संस्थेने जुन्या भावाने करार करून ठेवलेला असेल तर सभासद माल बाहेर घालतो. ६९ किलोच्या २५० गोण्यांचा एक लॉट म्हणजे ३७५ क्विंटल; घरटी दहा क्विंटल धरले तर ३८ घरांचा माल. त्यातली दहा घरं फिरली की लॉट अपुरा, आणि खड्डा भरायला चढ्या भावाने खरेदी. बाजाराशी जोडलेला भाव ठेवून, माल गोदामात येईल तसतसा तो पक्का करत जाणं, एवढाच त्यावर उपाय.

दर्जा तर घराघरातच ठरतो, कारण पल्पर (फळ सोलायचं यंत्र) आणि खळं प्रत्येकाचं आपापलं. फळं तोडली त्याच दिवशी सोलायची. मग टाकीत आंबवायची, थंडीत जास्त तास. आंबलं की नाही ते पाहायला बियांच्या ढिगात काठी खुपसून काढतात: भोक तसंच राहिलं तर धुवायला घ्यायचं, बुजलं तर थांबायचं. एक रात्र जास्त झाली की शिरक्याचा वास येतो आणि भाजल्यावरही जात नाही. वाळवण ११-१२ टक्के ओलाव्यापर्यंत; त्याहून ओलं ठेवलं तर गोणीत बुरशी. जमिनीवर वाळवलं तर मातकट चव. गोदामात नमुना सोलून, हुंगून मगच गोणी आत घ्यावी. शेजाऱ्याचा माल परत पाठवायला जीभ रेटत नाही, पण एका घराची आंबट गोणी सगळा लॉट नासवते.

तांबेऱ्याचं दुखणं वेगळंच. पानाखाली नारिंगी पूड दिसली की जुन्या टिपिका-बुर्बोन जातींची पानं गळतात. नवी रोपं लावली तर फळाला तीनेक वर्षं, आणि तोवर उचल कशावर द्यायची?

पाकीट घेताना शिक्का कुणाचा तेही बघावं. २०११ अखेर ‘फेअर ट्रेड यूएसए’ आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली आणि मोठ्या मळ्यांच्या कॉफीलाही शिक्का द्यायला लागली. लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांचा स्वतःचा शिक्का वेगळा आहे. त्याचं नाव ‘सिंबोलो दे पेकेन्योस प्रोदुक्तोरेस’, आणि तो मळ्यांना मिळत नाही.