डेटोनात पाऊस आला, जागायचं की झोपायचं?

डेटोना ५००, म्हणजे अमेरिकेतली नॅसकारची मोठी मोटार शर्यत, तिकडे दुपारी अडीचला सुटली, तर इंदुरात रात्रीचा एक. सराफ्यातून गराडू खाऊन टीव्हीपुढे बसावं आणि तिकडे पावसानं ताडपत्र्या निघाव्यात, हे नेहमीचंच.

या गाड्यांचे टायर गुळगुळीत, पाणी फेकायला खाचाच नाहीत. पावसाळी टायर असतात, पण ते रोड कोर्स (डावी-उजवी वळणं असलेले ट्रॅक) आणि लहान ओव्हल (लंबगोल ट्रॅक) यांच्यासाठी. डेटोनाची वळणं ३१ अंश कललेली, वेग ३०० किमीच्या आसपास. तिथे ते चालत नाहीत.

वाळवणं हेच खरं काम. एअर टायटन नावाचं यंत्र दाबाच्या हवेनं पाणी उतारावरून खाली ढकलतं, व्हॅक्यूम ट्रक ते ओढतात, मागून ट्रकवर बसवलेली जेट इंजिनं गरम हवा मारतात. अडीच मैलांचा ट्रॅक, तास-दोन तास सहज जातात. वरून कोरडा दिसला तरी डांबराच्या सांध्यांतून पाणी झिरपत राहतं. हा झिरपा फार चिवट! नेमका तोच घात करतो.

लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबवलेली असताना गाडीला हात लावायचा नाही. शिवाय पावसानं ट्रॅकवरचं रबर धुऊन निघतं, पकड बदलते, आधी जमवलेला सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, बिनसतो.

२०० पैकी १०० फेऱ्या झाल्या असतील तर निकाल तिथेच लागू शकतो. २००९ मध्ये १५२ फेऱ्यांवर मॅट केन्सेथ असाच जिंकला. शंभरच्या आत पाऊस आला तर खुशाल झोपा. २०१२, २०२० आणि २०२४ मध्ये शर्यत सोमवारवर गेली होती.