गुंड्याची पाव गोळी

मांजराला हृदयविकार झालाय असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग चेहरा गंभीर करून विचारतात, "पण कळलं कसं?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. कुत्रं खोकतं, फिरायला नेलं की मागे रेंगाळतं. मांजर दिवसभर झोपायचं ते आणखी थोडं जास्त झोपतं. त्यावरून संशय घेणार कोण?

आमचा गुंड्या लस टोचून घ्यायला गेला होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि या पठ्ठ्याने घुरघुर सुरू केली. घुरघुरणाऱ्या मांजराच्या छातीत दुसरं काही ऐकूच येत नाही. डॉक्टरांनी शांतपणे बेसिनचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने स्वारी दचकून गप्प झाली, आणि ठोक्यांच्या मधोमध नको असलेला एक आवाज सापडला. "मर्मर आहे. इको करून घ्या." इकोत डाव्या कप्प्याची भिंत ७.१ मिलिमीटर निघाली. सहाच्या पुढे गेली की जाड म्हणायची.

या आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, डॉक्टरांच्या तोंडी एचसीएम. मांजरांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार, त्यातही बोक्यांमध्ये अधिक. स्नायू जाड होतो, आतली जागा कमी होते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाला नीट सैल पडता येत नाही. मग वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, तो फुगतो. तुंबलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटली तर बहुतेक वेळा मागच्या पायांकडे जाणाऱ्या वाहिनीच्या फाट्यावर जाऊन अडकते. पुढचं लिहीत नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचण्यासारखा तो विषय नाही, एवढंच अनुभवाने सांगते.

मेन कून नावाच्या दांडग्या जातीत या आजारामागचा जनुकदोष २००५ साली सापडला. तोच जनुक माणसांतही बिघडतो. भारतीय उपखंडातल्या साधारण चार टक्के लोकांमध्ये त्याचा एक छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत २००९ साली दाखवून दिलं. गुंड्या काही मेन कून नाही, पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडलेला अस्सल कोथरूडकर आहे. अशा देशी मांजरांमध्ये कारण बहुधा सापडतच नाही. पण बाबांनी हे सगळं ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. "म्हणजे घराण्यातलाच निघाला."

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. गुठळी होऊ नये म्हणून ते रोज क्लोपिडोग्रेलची ७५ मिलिग्रॅमची गोळी घेतात. गुंड्यालाही तीच लिहून दिली, फक्त पाव. आता एकाच स्ट्रिपमधून दोघांची सोय होते, आणि मेडिकलवाला "काका, या महिन्यात जास्त लागल्या?" असं विचारतो तेव्हा बाबा आवाज खाली आणून म्हणतात, "घरात अजून एक पेशंट आहे."

अख्ख्या गोळीवर गुळगुळीत वेष्टण असतं, म्हणून बाबांना तिची चव ठाऊक नाही. चिरलेली गोळी जहर कडू असते. ती जिभेला लागली की गुंड्याच्या तोंडाला फेस येतो आणि सोफ्याच्या कव्हरपासून माझ्या कुर्त्यापर्यंत सगळीकडे पोचतो. त्यावरचा उपाय म्हणजे बारीकातली बारीक रिकामी कॅप्सूल. पाव तुकडा तिच्यात घालायचा, वरून तुपाचं बोट फिरवायचं, जबड्याच्या कडेने आत सरकवायची आणि लगेच सिरिंजने थोडं पाणी पाजायचं, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसते. सगळा कार्यक्रम अर्ध्या मिनिटाचा. लांबला की तो पलंगाखाली जातो, आणि पलंगाखालच्या मांजराला गोळी देणं हे मांत्रिकाचं काम आहे.

या गोळीपलीकडे औषध नाही, निदान अजून तरी. ठोके मंदावणारं औषध सुरू करू का, असं मी विचारलं होतं. लक्षणं नसताना त्याने मांजराचं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. अमेरिकेत २०२५ साली मांजरांच्या याच आजारासाठी सिरोलिमस या औषधाच्या, आठवड्यातून एकदा द्यायच्या गोळीला सशर्त मान्यता मिळाली आहे, त्या बातमीकडे मी डोळे लावून असते. तोवर माझं धोरण एकच: गुंड्याला पेशंट होऊ द्यायचं नाही. त्याचा पिंजरा उगाच बाहेर निघत नाही, दिवाळीत मधली खोली बंद करून पंखा मोठा लावला जातो, आणि "अरेरे, बिचारा" म्हणत त्याला उचलायला धावणाऱ्या पाहुण्यांना आधी चहा दिला जातो. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भटक्या बोक्याला कार्डिओलॉजिस्ट? आमची मांजरं दूधपोळीवर जगायची हो." किती वर्षं जगायची, हे मी विचारलं नाही. शेजार टिकवायचा आहे.

घरी करायची खरी तपासणी म्हणजे श्वास मोजणं. तो गाढ झोपला असताना छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला तिसाच्या आत असेल तर ठीक. संख्या सारखी त्याच्या वर जायला लागली तर फुफ्फुसात पाणी साठतंय का ते बघायला हवं, आणि तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर फोन करत बसायचं नाही, उचलून न्यायचं. घुरघुरत असताना किंवा स्वप्नात पंजे हलवत असताना मोजलेलं धरायचं नाही. हे खातं बाबांनी परस्पर स्वतःकडे घेतलं. चष्मा कपाळावर, हातात घड्याळ, तीस सेकंद मोजून दुप्पट. कालनिर्णयच्या चौकोनात जिथे "दूध १ जादा" आणि "सिलिंडर लावला" लिहिलेलं असतं, तिथेच आता "गुं. २२" असतं. स्वतःचं बीपी मोजायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केलेला हा माणूस! हल्ली त्याच चौकोनात, गुंड्याच्या खाली, "मी १३०/८०" दिसायला लागलंय. मी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

पुढच्या महिन्यात सांगलीला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. दोन दिवसांचं, सगळे जमणार, बाबांना आहेराच्या रांगेत उभं राहावं लागणार. परवा काकांचा फोन आला तेव्हा बाबा अत्यंत खेदाने म्हणाले, "यायची फार इच्छा होती रे. पण घरात हार्टचा पेशंट आहे, रात्रीची गोळी चुकवून चालत नाही." पलीकडून काका बराच वेळ काळजीने बोलत होते. बाबांनी खुलासा केला नाही.