कन्सोलवर पाच मिनिटांत होणारे काम कोडने का करायचे?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. क्लाउडच्या कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरमधल्या नियंत्रण-पानावर, चार बटणे दाबली की सर्व्हर उभा राहतो, मग त्यासाठी टेराफॉर्मच्या (कोडमध्ये लिहिल्याप्रमाणे क्लाउडवरील यंत्रणा उभारणाऱ्या साधनाच्या) फायली कशाला लिहायच्या, असे या कामात नव्याने आलेले सहकारी मला नेहमी विचारतात. पहिल्या उभारणीला कन्सोलच वेगवान आहे, हे मला मान्य आहे. खरी कसोटी लागते ती चालू यंत्रणेत बदल करताना.

एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आरडीएस या डेटाबेस-सेवेवर एखादा डेटाबेस एन्क्रिप्शनविना, म्हणजे साठवलेली माहिती सांकेतिक रूपात न बदलता, चालू आहे, असे धरा. कोणीतरी सद्हेतूने कोडमध्ये एन्क्रिप्शनच्या ओळीत 'फॉल्स'चे 'ट्रू' करते. बदल एका शब्दाचा आहे. पण चालू डेटाबेसवर हे एन्क्रिप्शन थेट लावता येत नसल्यामुळे टेराफॉर्मच्या प्लॅनमध्ये, म्हणजे होणाऱ्या बदलांच्या आगाऊ यादीत, जुना डेटाबेस नष्ट करून नवा, रिकामा उभारला जाईल, असे स्पष्ट लिहून येते. हे वाचून आपण थांबतो, डेटाबेसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतो, त्याची एन्क्रिप्टेड प्रत काढतो आणि तिच्यावरून नवा डेटाबेस उभारतो. काहीही घडण्याआधी परिणाम वाचायला मिळणे, हेच मला या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल वाटते. म्हणून प्लॅन फायलीत जतन करावा, दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा आणि नेमका तोच अप्लाय करावा, म्हणजे प्रत्यक्षात आणावा. महत्त्वाच्या डेटाबेसवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' हे नष्ट होण्यापासून रोखणारे कलम कोडमध्ये लावलेले असले, तर असा प्लॅन तयारच होत नाही.

मात्र प्लॅनची विश्वासार्हता स्टेट फायलीवर अवलंबून असते. कोडमधला कोणता भाग क्लाउडवरील कोणत्या वस्तूशी जोडलेला आहे, याची नोंद या जेसन फायलीत असते. पडद्यावर झाकलेले पासवर्डही तिच्यात साध्या मजकुरात सापडू शकतात, त्यामुळे ती कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये कधीही ठेवू नये. एसथ्री या एडब्ल्यूएसच्या फाइल-साठवणीतल्या बकेटमध्ये, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय) चालू करून आणि मोजक्याच लोकांना परवानगी देऊन ती ठेवावी. दोघांनी एकाच वेळी अप्लाय करू नये म्हणून लॉक हवेच. त्यासाठी पूर्वी डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या दुसऱ्या डेटाबेस-सेवेतले टेबल लागत असे, आता लॉक एसथ्रीवरच ठेवता येते.

रात्री अडचणीच्या वेळी कोणी कन्सोलवरून डेटाबेसच्या सर्व्हरची क्षमता वाढवली, तर मी दोष देणार नाही. पण तो बदल लगेच कोडमध्ये उतरला नाही, तर पुढचा अप्लाय क्षमता पुन्हा खाली आणेल. कोणी बदल केला हे ऑडिट लॉग सांगतो. का केला, हे कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायच्या, संदेशात लिहिलेले असेल तरच कळते.

टेराफॉर्म की त्यातूनच फुटून निघालेले ओपनटोफू, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने त्याचा मुक्त परवाना बदलून अधिक बंधने घातली आणि त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू उभे राहिले. 2024 मधल्या त्याच्या 1.7 आवृत्तीत स्टेट फाइल एन्क्रिप्ट करण्याची सोय आली, आणि तेवढ्या एका कारणासाठी नव्या चमूला मी ओपनटोफूच सुचवते. जुना प्रकल्प तिकडे नेताना आधी स्टेटची प्रत घ्यावी आणि प्लॅनमध्ये एकही बदल दिसत नाही याची खात्री करूनच पुढे जावे.