चार पोर्टचा हिशेब

कोथरूडच्या त्या बंगल्यातलं नेटवर्क मीच टाकलेलं, त्यामुळे तक्रार आली तेव्हा दुसऱ्या कुणाच्या नावाने खडे फोडायची सोय नव्हती. तीन मजले, मजल्यागणिक एक स्विच, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारी पेटी, आणि जिन्याखाली चार पोर्टचा बिनपंख्याचा डबा, म्हणजे पीएफसेन्स या सॉफ्टवेअरवर चालणारी फायरवॉल, घर आणि इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी. वर्षापूर्वी काकांनी बजावलं होतं, "चार पोर्टचे पैसे मोजलेत, चारही वापर." मीही मान डोलावली. एका पोर्टात इंटरनेट, उरलेल्या तिन्हींत तीन मजले, आणि त्या तिघांचा ब्रिज, म्हणजे तिन्ही पोर्ट सॉफ्टवेअरनेच जोडून केलेलं एकच नेटवर्क.

आता धाकटा मुलगा व्हिडिओ एडिटिंग करायला लागला होता. तळमजल्यावरच्या नॅसवरून (नेटवर्कवरच्या फाइल साठवणाऱ्या पेटीवरून) दुसऱ्या मजल्यावर फाइल ओढताना सेकंदाला 40 एमबीच्या वर काही सरकेना. गिगाबिटवर 110च्या आसपास मिळायला हवं. डब्यावर हात ठेवला तर चटकाच बसला. डॅशबोर्ड उघडला, सीपीयू 100 टक्के.

स्विचमध्ये फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, इकडून तिकडे ढकलायचं काम खास चिप करते. फायरवॉलच्या ब्रिजमध्ये तेच काम बिचाऱ्या सीपीयूच्या गळ्यात पडतं. वर मी हौसेने त्याच्यावर सुरिकाटा, म्हणजे येणारं-जाणारं सगळं तपासणारं सॉफ्टवेअर, बसवलेलं. घरातल्या घरात वाटीभर साखर द्यायची, तरी गेटवर वॉचमनच्या वहीत नोंद!

जिन्याखाली एक साधा आठ पोर्टचा स्विच ठेवला, तिन्ही मजल्यांच्या वायरी त्यात घेतल्या आणि तिथून फायरवॉलला एकच वायर. ब्रिज मोडताना मीच बाहेर फेकला गेलो, कारण लॅपटॉप त्याच ब्रिजवर होता. मग हॉलमधल्या टीव्हीची एचडीएमआय काढून कन्सोलवरून, म्हणजे थेट डब्याला पडदा जोडून, इंटरफेस नव्याने लावावे लागले. मुलगा म्हणाला, "दादा, फायरवॉलला दोन वायरी जोडून लॅग करूया ना, दोन्ही मिळून एकच रुंद रस्ता." कशाला? इंटरनेट 200 एमबीपीएसचं, म्हणजे एका गिगाबिट वायरीच्या पाचव्या हिश्श्याएवढं, आणि लॅग केलं तरी एक डाउनलोड एकाच वायरीवरून जातं. कॉपी 112ला पोचली. काकूंनी चहा टाकला.

चहा अर्धा झाला नाही तोच वरून आरोळी आली, "नेट गेलं!" लॅपटॉपवर डब्याचं पानही उघडेना. जिन्याखाली गेलो तर स्विचचे सगळे दिवे गणपतीच्या आराशीसारखे एकदम, एकाच लयीत लुकलुकत होते. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. लूप, म्हणजे वायरींचं बंद वर्तुळ! दुसऱ्या मजल्यापर्यंत मी एक जादा वायर ओढून ठेवली होती. तिचं वरचं टोक कधीतरी कुणीतरी तिथल्या स्विचमध्ये खुपसलेलं, आणि खालचं लोंबकळणारं टोक काकांनी आत्ताच नव्या स्विचमध्ये लावलं होतं. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा, असतो, तो संपला की राउटर पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमला तसं मरण नाही. एकच ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली फ्रेम, दोन वायरींतून गोल गोल फिरत राहतो, आणि नव्या ब्रॉडकास्टची भर पडत जाते. एसटीपी, म्हणजे लूप ओळखून तोडणारी सोय, असतं तर एक रस्ता बंद झाला असता, पण या स्वस्तातल्या स्विचमध्ये ते कुठलं!

वायर उपटली. दोन सेकंदांत दिवे शांत.

"मोकळी दिसली म्हणून लावली रे," काका ओशाळून म्हणाले.

त्यांना काय बोलणार? टोकावर साधी चिठ्ठीसुद्धा मी चिकटवली नव्हती. मग तीच वायर कामाला लावली. वरच्या टोकाला गच्चीवरच्या कॅमेऱ्यांचा स्विच, खालचं टोक फायरवॉलच्या तिसऱ्या पोर्टात. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं, तिथून ना घरात वाट ना इंटरनेटवर. पोर्ट अशा कामासाठीच असतात.

काकांनी वाकून डबा नीट न्याहाळला. "म्हणजे अजून एक रिकामाच की."