माथेरानला टॅक्सीने

माथेरानला आजवर किती वेळा गेलो ते काही मोजलं नाहीये, पण वीसच्या वर नक्की. आम्ही बदलापूरचे, कर्जत लोकल पकडली की वीसेक मिनिटांत नेरळ, त्यामुळे पाहुणे आले की माथेरान, कॉलेज बुडवलं की माथेरान, लग्न ठरल्यावर दोघांनीच कुठेतरी जायचं म्हणून गेलो तेही माथेरान (तेव्हा घरी सांगितलं होतं दादरला जातोय). आणि या वीसपैकी मिनी ट्रेनने किती वेळा गेलो? चार. बाकी सगळ्या वेळा टॅक्सी. नेरळ स्टेशनच्या बाहेर ओम्नीवाले उभे असतात, "चलो माथेरान, एक सीट, एक सीट" असं ओरडत, ती एक सीट आपण बसलो तरी संपत नाही हा भाग वेगळा, पण वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी नाक्याला सोडतात, त्याच्या पुढे टॅक्सी जात नाही. मिनी ट्रेनला वर चढायला अडीच तास. कोण बसणार.

आणि तरी मिनी ट्रेनबद्दल बोलायला लागलो की माझ्यासारखा हळवा माणूस नाही.

पहिल्यांदा बसलो तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मे महिना, मावशीकडची पोरं आलेली, सगळी मिळून बारा-तेरा डोकी. डबा एवढासा, की समोरासमोर बसल्यावर मावशीच्या नि माझ्या गुडघ्यांची सारखी टक्कर. मला आठवतो तो ब्रेकवाला. तेव्हा प्रत्येक डब्याला एक माणूस असायचा, टोकाला उभा, त्याच्या हातात लोखंडी चाक. इंजिनाने शिट्टी दिली की तो चाक फिरवायचा आणि ब्रेक आवळायचा, दुसऱ्या प्रकारची शिट्टी आली की उलटं फिरवून सैल करायचा. म्हणजे अख्खी गाडी पाच-सहा माणसांच्या मनगटावर डोंगर उतरायची! आम्हाला शिट्ट्यांमधला फरक शेवटपर्यंत कळला नाही, त्याला मात्र बोलता बोलता कळायचं, मावशीला चुना मागत होता आणि मधेच शिट्टी वाजली तर हात आपोआप चाकावर. वळणावर चाकं रुळाला घासून जो आवाज यायचा तो पाटीवर खडू करकरला की येतो तसा, दात शिवशिवायचे. आणि एका ठिकाणी गाडी एवढी हळू झाली की मावसभाऊ उतरला, मूठभर करवंदं तोडली आणि पुढच्या डब्यात चढला. मावशीने त्याला तिथेच एक ठेवून दिली, करवंदं मात्र सगळ्यांनी खाल्ली.

ही गाडी झाली कशी याची नेरळमधे एक गोष्ट सांगतात. सर आदमजी पीरभॉय नावाचे मुंबईचे बडे व्यापारी, लष्कराला तंबू-बूट पुरवणारे, एकदा माथेरानला जायला नेरळला उतरले तर वर न्यायला ना घोडा मिळाला ना पालखी, मग ते तिथूनच परत फिरले आणि म्हणाले आता येईन तो माझ्या स्वतःच्या गाडीने. खरं किती देव जाणे, पण पुढचं पक्कं आहे. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ मधे काम सुरू केलं, बापाने पैसे घातले, १६ लाख रुपये, त्या काळचे, आणि १९०७ मधे गाडी धावली. टॅक्सी मिळाली नाही म्हणून आपण फार तर स्टेशनसमोर वडापाव खातो आणि घरी येतो.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, ६१० मिलिमीटर. शेजारीच आपली कर्जत लोकल धावते तिचं १६७६. नेरळच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की दोन्ही एकदम दिसतात, म्हशीशेजारी शेळी उभी केल्यासारखी. पण मोठे रूळ इथे चढवायचे तर डोंगर कापत बसावं लागलं असतं, मोठी गाडी अशी गर्रकन वळत नाही. दोन फुटी गाडी डोंगराच्या अंगाअंगाने जाते, दरी आली की आत वळते, सोंड आली की बाहेर, मधेच घोड्याच्या नालासारखा पूर्ण वळसा घेऊन मगाशी जिथे होतो त्याच्याच डोक्यावर येते. एकवीसेक किलोमीटरमधे दोनशेहून जास्त वळणं आहेत. चढ काही ठिकाणी वीसाला एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. हे ऐकायला काहीच वाटत नाही पण रेल्वेवाल्याला विचारा, लोखंडावर लोखंड हे एवढ्या चढावर घसरायलाच बघतं.

इंजिनंही त्यासाठी खास करून घेतली, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून, चार. डिझाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचं. त्यातली गंमत अशी की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्या थोड्या डावी-उजवीकडे सरकायच्या, म्हणजे वळण आलं की इंजिन कंबर मोडल्यासारखं वळायचं. हाच कॅलथ्रॉप म्हणजे बार्शी लाईट या छोट्या रेल्वेचा जनक. माझी आजी बार्शीची, तिच्या बोलण्यात "लाईट" हा शब्द विजेपेक्षा गाडीसाठीच जास्त यायचा, लाईट चुकली, लाईटने आले, लाईट उशिरा आली. बार्शी लाईटचे रूळ अडीच फुटी होते, ती १८९७ ला सुरू झाली आणि आता तिथे ब्रॉडगेज आहे, फास्ट, सोयीची, कुणी तक्रार करायचं कारण नाही. आजीच्या माहेरचे तर खूश आहेत. गाडी सपाटीवरची असली की तिचं काम मोठी गाडी जास्त चांगलं करते, मग लहान गाडी जाते, यात रडण्यासारखं मला तरी काही वाटत नाही. माथेरानचं तसं होऊच शकत नाही, मोठी गाडी तिथे जाणारच नाही, हीच तिची सगळ्यात मोठी इन्शुरन्स पॉलिसी.

पण मग तिला संपवायला टॅक्सी आहे आणि पाऊस आहे.

पावसाचं सांगतो. दरवर्षी जूनमधे नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) गाडी बंद होते आणि दिवाळीच्या आगेमागे परत सुरू होते, मधल्या चार महिन्यांत डोंगर काय करेल याचा नेम नाही. २६ जुलै २००५ ला जो पाऊस झाला त्यात रूळ ठिकठिकाणी वाहून गेले, खालची माती गेली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. परत गाडी सुरू व्हायला २००७ उजाडलं, म्हणजे पहिल्यांदा धावली त्याला बरोब्बर शंभर वर्षं. मग २०१६ च्या मे महिन्यात दोनदा डबे घसरले, परत बंद, एअर ब्रेक बसवले, २०१८ च्या सुरुवातीला पूर्ण मार्ग चालू. त्या एअर ब्रेकमुळे आमचा चाकवाला गेला असणार हे मला नंतर सुचलं, पण ब्रेक हा विषय आठवणींवर सोडण्यासारखा नाही, जीव मुठीत धरून कसली आलीय मजा. मग २०१९ चा पाऊस. परत रूळ गेले. यावेळी तीन वर्षं. दरडी पडतात तिथे गॅबियनच्या भिंती बांधल्या, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांमधे दगड भरून ते एकावर एक रचायचे, पाणी फटीतून निघून जातं आणि भिंत ढकलली जात नाही. साधी युक्ती आहे पण एकेक दगड त्या डोंगरात कुणीतरी हाताने रचलाय. जुनं जतन करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं काचेच्या पेटीतलं काहीतरी, पितळेची पाटी वगैरे. इथे जतन म्हणजे घमेलं, पहार आणि दरवर्षी तेच काम.

काचेच्या पेटीतलंही आहे म्हणा. चारातलं एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे म्युझियममधे आहे, ते मी पाहिलंय. ऑफिसच्या कामाला गेलो होतो, दुपार मोकळी होती. रंगवलेलं, स्वच्छ, पाटीवर माथेरानचं नाव. एकदम गावचा माणूस परमुलखात भेटावा तसं झालं. हात लावला तर गार. एक तर पार इंग्लंडला जाऊन पोचलंय. आणि युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग १९९९ ला गेली, निलगिरी २००५ ला, कालका-शिमला २००८ ला, आपली मात्र अजून संभाव्य यादीत, म्हणजे वेटिंग लिस्ट. रेल्वेची गोष्ट आहे, वेटिंग आलंच.

आता कबुलीजबाब. २०१९ ते २२ गाडी बंद होती तेव्हा "माथेरानची राणी परत कधी धावणार" अशा पोस्टी मी व्हॉट्सॲपवर किती फॉरवर्ड केल्या असतील त्याला गणती नाही, एकदा तर फॅमिली ग्रुपवर मोठ्ठं भाषण ठोकलं, वारसा, अस्मिता, पुढच्या पिढ्या, सगळं. ऑक्टोबर २०२२ ला गाडी सुरू झाली. त्याच दिवाळीत आम्ही माथेरानला गेलो. टॅक्सीने. दस्तुरीला उतरून अमन लॉजपर्यंत चालत गेलो आणि तिथून शटल पकडली, तीन किलोमीटर, खिडकीतून डोकं बाहेर काढून फोटो काढले आणि स्टेटसला टाकले, "मिनी ट्रेन!!". बायको म्हणाली, "लाज नाही वाटत?" मी म्हटलं वाटते, पण रांग बघितलीस का खाली.

गेल्या डिसेंबरमधे मग तिनेच ठरवलं. सकाळी उजाडायच्या आत लोकल, नेरळला खिडकीसमोर रांगेत उभे, मुलगा पेंगतोय, आणि आमच्या पुढे चार माणसं असताना काउंटरवाले म्हणाले आता थोडीच उरलीत. मिळाली. डबा अजून तेवढाच, गुडघे मात्र वाढलेत. मुलाने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "बाबा, ही सुरू झालीये ना?" पुढे जुम्मापट्टी स्टेशन आलं, काकड्या आल्या, तिखटमीठ लावलेल्या. मग वॉटर पाईप, कोळशाच्या इंजिनाला पाणी पाजायचे ते ठिकाण. वाटेत वन किस टनेल, तो बोगदा एवढा छोटा की नावाइतकाच वेळ मिळतो, आम्ही मुलासमोर खिडकीबाहेर बघत बसलो. वरच्या कड्यावरचा गणपती दिसला, तो या गाडीच्याच एका मोटरमनने पुढाकार घेऊन घडवलाय, रोज ये-जा करताना त्याला त्या खडकात गणपती दिसायचा. एवढ्या हळू गेलं तरच दिसतं हे, टॅक्सीतून मला इतक्या वर्षांत घाटातल्या वळणांवर फक्त पुढच्या टॅक्सीची नंबर प्लेट दिसली.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. ही गाडी मधे घाटरस्ता ओलांडते. तिथे टॅक्सी थांबवून ठेवल्या होत्या, चार-पाच ओम्नी एकामागे एक, आणि सगळ्या खिडक्यांमधून मोबाईल बाहेर, आमचा व्हिडिओ काढतायत. पोरं हात हलवतायत. पहिल्या टॅक्सीत पुढच्या सीटवर माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच पोट सुटलेला एक माणूस होता, गाडी त्याच्यासमोरून एवढ्या निवांत चालली होती की आमचं पूर्ण बोलणं झालं.

"तिकीट मिळालं?" तो ओरडला.

"मिळालं!"

"किती वाजता आलात?"

"पावणेसहा!"

तो हसला, मान हलवली आणि म्हणाला, "छान आहे हो, बंद नाही पडली पाहिजे ही."

मी म्हटलं, "तर काय!"