क्युरेटच्या धारेसाठी दगड घेताना आधी तेलाचं बघा

क्युरेट म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढायचं हत्यार. त्याच्या धारेचा दगड म्हटलं की दंतवैद्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं अर्कान्साचं. दगड उत्तमच आहे. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात सापडणारा नोव्हाक्युलाइट नावाचा नैसर्गिक खडक, बारीक दाण्याचा. पण त्याला तेल लागतं, आणि क्लिनिकमध्ये खरी अडचण तिथेच सुरू होते. तेलात धातूची भुकटी कालवली जाते, ती दगडाच्या छिद्रांत बसते आणि पृष्ठभाग चकचकीत होऊन कापेनासा होतो. शिवाय तेलाच्या थराखाली वाफ नीट पोचत नाही, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकण्याआधी दर वेळी तेल पूर्ण काढावं लागतं.

पेशंट खुर्चीत असताना धार गेली, तर निर्जंतुक दगड ट्रेमध्ये हाताशी हवा. त्यामुळे एकच दगड घ्यायचा असेल तर बारीक दाण्याचा सिरॅमिक घ्या. तो कोरडा किंवा पाण्यावर चालतो आणि त्यात सहसा खाचा पडत नाहीत. इंडिया दगड कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, मध्यम दाण्याचा. अगदी बोथट झालेल्या हत्यारांपुरता तो दुसरा म्हणून ठेवावा. कार्बोरंडम इतका खरखरीत असतो की रोजच्या वापरात तो पातंच खाऊन टाकतो. आमच्या मते क्युरेटसाठी तो नकोच.

घेताना दगडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर दगड सपाट नाही. चपट्या दगडासोबत गोलसर कडेचा पाचरीच्या आकाराचा दगड असला तर क्युरेटच्या गोल टोकाला बरा पडतो.

आता कोन. पात्याची वरची बाजू आणि बगल यांच्यात 70 ते 80 अंश राहायला हवेत. वरची बाजू जमिनीला समांतर धरा, दगड तिच्याशी काटकोनात टेकवा आणि मग त्याचं वरचं टोक 10 ते 20 अंश बाहेर कलवा. कोन 90 च्या जवळ गेला तर पातं कॅल्क्युलस (दातांवरचं कीटण) उखडत नाही, त्यावरून घासत जातं. 70 च्या खाली गेला तर धार छान लागते, पण लगेच मरते. ग्रेसी प्रकारच्या क्युरेटची वरची बाजू मुळातच शँकशी, म्हणजे पातं आणि मूठ जोडणाऱ्या दांडीशी, 60 ते 70 अंशांत कललेली असते. म्हणून शँक सरळ उभी धरली की कोन हमखास चुकतो. आणि धार लावायची ती खालच्या एकाच कडेला.

शँककडून टोकाकडे थोडं थोडं सरका, हलक्या हाताने, आणि शेवटचा फटकारा खालच्या दिशेनेच मारा. वर मारून थांबलात तर कडेवर धातूचा बारीक कीस उभा राहतो. टोकाशी दगड वळवायचा राहिला की गोल टोक सपाट किंवा टोकदार होत जातं, आणि मग क्युरेट हिरडीला जखम करतो.

उजेडात कड बघा. बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते, धारदार कडेवर काहीच दिसत नाही. मग ॲक्रिलिकच्या कांडीवर टेकवा: धार असेल तर पातं रुततं, नसेल तर घसरतं.

पेशंट खुर्चीत नसेल तेव्हा हत्यार आधी ऑटोक्लेव्ह करूनच धारेला घ्या. वापरलेल्या क्युरेटने बोट कापलं तर संसर्गाचा धोका असतो. धार लावून झाल्यावर भुकटी गॉजने पुसा. झिजून अरुंद झालेलं पातं मात्र सरळ बाद करा, ते पॉकेटमध्ये, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या खोबणीत, तुटू शकतं. टायटॅनियम नायट्राइडचा थर असलेल्या क्युरेटला तर दगड लावूच नका. थर गेला की खालचा पोलाद फार टिकत नाही.