पहिल्या कादंबरीची वही : मिरगापासून देवदिवाळीपर्यंत

पहिला मसुदा कुठवर आला याची नोंद मी दर हंगामाला माझ्यासारख्याच लिहित्या मंडळींसाठी करते. ही नोंद मृग नक्षत्रापासून देवदिवाळीपर्यंतची आहे. ज्यांनी मागच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगते. काळ १९५६-५७ च्या बोटीच्या हंगामाचा, जागा दाभोळ आणि जयगड यांच्या मधले एक काल्पनिक लहान बंदर, आणि मुख्य पात्र बोटीच्या एजंटाकडे तिकिटे फाडणारा एक कारकून. मुंबईहून कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटी वाटेतल्या बहुतेक बंदरांत धक्क्याला लागत नसत. त्या बाहेर खोल पाण्यात उभ्या राहत, आणि उतारूंना पडावातून, म्हणजे लहान होडीतून, बोटीपर्यंत नेऊन हलत्या शिडीने वर चढवावे लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. किनारा आणि बोट यांच्यामधल्या त्या अर्ध्या-पाऊण तासात माणसे काय बोलतात आणि काय लपवतात, यावर सारी कादंबरी उभी आहे.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते आणि दिवसभर एका पतसंस्थेत हिशेब पाहते. घरात सासूबाई, नवरा, दोन शाळकरी मुले, मागे नारळ-सुपारीचे आगर आणि डोंगरउतारावर हापूसची थोडी कलमे आहेत. ‘लिहायला वेळ कसा मिळतो’ असे पुष्कळजण विचारतात. मला वाटते, प्रश्न किती वेळ मिळतो याचा नाही, कोणत्या महिन्यात मिळतो याचा आहे. कोकणातले व्यत्यय रोज सारख्या प्रमाणात येत नाहीत; ते पंचांगाप्रमाणे येतात, आणि म्हणूनच त्यांचा अंदाज बांधता येतो.

मापाविषयी

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहून काढण्याचा उपक्रम अमेरिकेत १९९९ साली सुरू झाला. त्याचा रोजचा वाटा सुमारे १,६६७ शब्दांचा पडतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा उचलण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय आमच्याकडे दिवाळीच्या मागेपुढे भाताची झोडणी, सुपारी आणि पाहुणे हे सारे एकदमच येते.

माझे मन ॲंथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराच्या पद्धतीवर अधिक बसले होते, कारण तो गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ टपाल खात्यात नोकरी करत होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे, असा त्याचा नेम होता. मात्र आपल्या आत्मचरित्रात तो हेही सांगतो की, पहाटे हाक मारून उठवणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला त्यासाठी तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे. आमच्या घरी पहाटे सगळ्यांना उठवण्याचे काम माझ्याकडेच आहे आणि त्याचे जादा कोणी काही देत नाही, म्हणून घड्याळाचा भाग मी सोडून दिला.

आता माझे माप प्रसंगाचे आहे. एक जागा, एक वेळ, आणि शेवटी कोणाची तरी अडचण सुरुवातीपेक्षा वाढलेली, एवढे झाले की एक प्रसंग पूर्ण झाला असे मी धरते. तो वहीचे दोन कागद घेईल किंवा दहा; आठवड्याला एक प्रसंग पुरा झाला की मी समाधानी असते.

ज्येष्ठ-आषाढ

हा आमचा खरा लिहिण्याचा हंगाम. आंबा आटोपलेला असतो, कलमांना खत घालून झालेले असते, आमसुले वाळवून डब्यात गेलेली असतात, आणि पावसाची झड लागली की सहज म्हणून कोणी दाराशी येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे सकाळची मासेवालीची हाकही नसते. एरवी ‘वयनी, हायस काय घरात?’ या हाकेने माझे सकाळचे वाक्य हमखास अर्ध्यावर तुटते; आणि बांगडा ताजा असला तर ते तुटल्याचे मला फारसे वाईटही वाटत नाही.

पहाटे आमच्या फाट्यावरची वस्तीची एसटी सुरू होते आणि सुटण्यापूर्वी बराच वेळ नुसतीच धडधडत उभी असते. तो आवाज आला की मी वही उघडते, आणि नळाला पाणी येईपर्यंत लिहिते. पाणी आले की हंडे, कळशा, पिंप भरून घ्यावे लागते. ते एकदा गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाही. पंचवीस मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती, ही स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजरावरून नाव मिळालेली प्रसिद्ध रीत मी वापरून पाहिली. ज्याला आपले दार बंद करून घेता येते त्याला ती सोयीची असेल. आमच्या पडवीला दारच नाही.

त्यामुळे व्यत्यय टाळण्यापेक्षा व्यत्ययानंतर परत कसे शिरायचे, याचीच तयारी मी करते. कोणी हाक मारली की उठण्यापूर्वी पानाच्या तळाशी ‘पुढे’ असे लिहून चार-सहा शब्द टाकते. आषाढातल्या एका पानावरची टीप अशी आहे: ‘पुढे: कारकून शिडी धरतो. म्हातारी गाठोडे सोडत नाही. खलाशी हसतो.’ ती लिहायला हाकेला ‘आले’ म्हणण्याइतकाच वेळ लागतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, झोप डोळ्यांवर असताना, त्या तीन वाक्यांमुळे मी थेट शिडीपाशी पोचते. सासूबाईंना आता ही खूण कळली आहे. त्या हाक मारतात आणि लगेच म्हणतात, ‘अगो, आधी तुझे ते पुढे लिही आणि मग ये.’

बाहेरून येणाऱ्या माणसापेक्षा मला अधिक धोका माझ्याच उत्सुकतेचा वाटतो. ऐतिहासिक काळावर लिहिणाऱ्याला फोन हातात घ्यायला नेहमीच एखादे सज्जन कारण सापडते. फाकपंचमीला, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीला, शिमग्यासाठी चाकरमानी घेऊन बोट येते, त्या वेळी भरती होती की ओहोटी, एवढेच पाहायचे असते. आणि तासाभराने मी कुठल्या तरी बंदराच्या दीपगृहाची उंची वाचत बसलेली असते. म्हणून दोन नियम केले आहेत.

पहिला नियम असा की, जे डोक्यात काढता येते ते डोक्यातच काढायचे. भरतीचा जुना ठोकताळा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी म्हणजे पाच, त्याची पाऊणपट पावणेचार; म्हणजे फाकपंचमीला दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण कादंबरीला एवढे पुरते. शिवाय पंचमी म्हटल्यावर अमावास्या-पौर्णिमेचे उधाण नाही आणि अष्टमीचा भांगही, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरतीही, अजून आलेली नाही, म्हणजे पाणी मध्यम. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओलांडायला पडावाला पाणी हवे, आणि ते संध्याकाळपर्यंत ओसरणार, हा ताण त्या एका गुणाकारातून आपोआप मिळाला.

दुसरा नियम असा की, जे डोक्यात निघत नाही तिथे रिकामी चौकट काढून पुढे जायचे. तिकिटाचे भाडे, एजंटाच्या पाटीचा रंग, बोटीवर चहा कशात देत, या सर्वांच्या जागी सध्या चौकटी आहेत. रत्नागिरीला जाणे होईल तेव्हा तिथल्या १८२८ साली स्थापन झालेल्या जिल्हा नगर वाचनालयात बसून त्या एकदम भरायच्या, असा बेत आहे. पहिल्या मसुद्याचे काम गोष्ट शेवटपर्यंत नेण्याचे आहे, आणि भाड्याचा आकडा चुकीचा असल्यामुळे कोणाची कादंबरी अडून राहिल्याचे मी पाहिलेले नाही. भाडे शोधत बसल्यामुळे अडून राहिलेल्या मात्र पाहिल्या आहेत.

एका बाबतीत चौकट न काढता मी मुद्दाम थांबले. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे होते, त्यानंतर शंभर नवे पैसे झाले, आणि काही काळ दोन्ही नाणी बाजारात बरोबरच फिरत होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता पाव पैसा कोणाला देता येतो? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस असे धरावे लागे. चार आण्यांवर येऊन मात्र नेमके पंचवीस जुळत. शिमग्याच्या प्रसंगात आणे आणि आंब्याच्या दिवसांतल्या प्रसंगात नवे पैसे, असे ठरल्यावर तिकिटाच्या खिडकीशी भांडण होणारच होते. तीन आणे सुटे परत घ्यायचे असलेली बाई एकोणीस पैसे मोजून घेते, तर तिच्या मागे एक-एक आण्याची तीन देणी वेगवेगळी मिटवणाऱ्याला अठराच मिळतात, आणि कारकुनाला दोघांनाही समजावता येत नाही. मी दिवसभर पै-पैचा मेळ घालणारी बाई असल्यामुळे हा प्रसंग मापापेक्षा पुष्कळ लांबला. तरीही आतापर्यंतच्या मसुद्यात तोच मला सर्वांत जिवंत वाटतो, आणि तो कापू नये असे माझे मत आहे.

लेखनसाधनांविषयी एवढेच की, मसुदा मी हाताने वहीत लिहिते आणि रविवारी तो फोनला वाचून दाखवून टाइप करून घेते. मराठी बोलून टाइप करण्याची सोय आता चांगली झाली आहे. विरामचिन्हे मागाहून घालावी लागतात, पण वाचताना खोटे संवाद कानाला लगेच खटकतात, हा मोठा फायदा आहे. मात्र आमच्या पडवीवर पत्रे आहेत, आणि आषाढसरी त्यांवर कोसळू लागल्या की फोनला शब्द ऐकू येत नाहीत. त्या दिवसांत मी माजघरात, कौलांखाली जाऊन बसते. वीज तर फांदी पडली की जातेच. वही आणि पेन यांना तिची गरज नाही.

भाद्रपद

गौरी-गणपतीत लिहिणे झाले नाही, आणि ते होणार नाही असे मी आधीच धरून ठेवले होते. घरात मुंबईची मंडळी असताना कोपऱ्यात वही घेऊन बसणारी सून कोणालाच आवडत नाही, मलाही आवडली नसती. त्या दिवसांत एवढेच केले की रात्री झोपण्यापूर्वी शेवटची ‘पुढे’ची टीप वाचायची आणि वही मिटायची. धागा हातातून सुटू नये म्हणून तेवढे पुरते.

पाहुण्यांच्या आठवणींतून कादंबरीला माल मिळतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते मसुदा चालू असताना असा माल जपूनच घ्यावा. मी बोटीवर लिहिते आहे हे कळल्यावर घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला आपली बोट त्यात हवी होती. कोणाच्या आजोबांचा आंब्याच्या पेट्यांचा माल समुद्रात पडलेला, कोणाच्या आत्याचे लग्न बोट चुकल्यामुळे पुढे गेलेले. आणि बोटीचा विषय निघाला की ‘रामदास’ निघतेच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजही त्या दिवसाची गोष्ट सांगताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो. ‘रामदासबद्दल नाही लिहिलेस तर काय लिहिलेस?’ असे चुलतसासऱ्यांनी मला विचारले. ते बरोबरच म्हणत होते, पण माझी गोष्ट त्यानंतर दहा वर्षांची आणि दुसऱ्या बंदराची आहे. तेवढी मोठी दुर्घटना मध्ये आणली तर माझा कारकून आणि त्याचे सव्वासहा पैसे कोणाच्या लक्षातही राहणार नाहीत. म्हणून एवढेच घेतले की शिडीवर पाय ठेवताना माझ्या कादंबरीतली म्हातारी त्या बोटीचे नाव घेते आणि खलाशी तिला गप्प करतो. बाकीच्या सर्व आठवणी वेगळ्या वहीत उतरवल्या आहेत. दुसऱ्या मसुद्याआधी ती उघडायची नाही.

आश्विनपासून पुढे

नवरात्रानंतर कामे वाढली आणि पहाटेचा वेळही मोडका मिळू लागला, तेव्हा उरलेल्या प्रसंगांची मी नव्याने वाटणी केली. कोणत्या प्रसंगाला किती शांतता लागते, एवढाच निकष लावला. खिडकीशी होणारे संवाद, पत्रे, बाजारातली बोलाचाली हे प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी लिहिता येतात. त्यांतले दोन तर मी पतसंस्थेतून परतताना एसटीत, खिडकीच्या बाजूची जागा मिळाली तेव्हा, लिहिले. ज्या प्रसंगात पाच-सहा माणसे एकाच वेळी हालचाल करतात, ते मात्र सलग दोन-अडीच तास मिळाल्याशिवाय हाती घेत नाही, कारण मध्ये उठले की कोण कुठे उभे होते हेच विसरायला होते. क्रमाने लिहिण्याचा आग्रह यामुळे सुटला. पुष्कळांना क्रम मोडलेला चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण ज्यांचा वेळ दुसऱ्यांच्या हाती आहे त्यांनी ही वाटणी करून पाहावी असे सुचवते.

देवदिवाळीला स्थिती अशी आहे की तिकिटाच्या खिडकीचे सर्व प्रसंग पूर्ण आहेत, परतीच्या बोटीचे प्रकरण अर्धे झाले आहे, आणि फाकपंचमीचा पडाव, म्हणजे कादंबरीतला सर्वांत मोठा प्रसंग, अजून कोराच आहे. लवकरच कलमे मोहोरतील, तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतील, मग पतसंस्थेतली मार्चअखेर आणि तिच्या पाठोपाठ आंबा. तेव्हा पडाव संक्रांतीच्या आत लिहून काढायला हवा. नवरा मुलांना घेऊन दोन रविवार चिपळूणला बहिणीकडे जायला तयार झाला आहे. मार्चपासून पुढे नवे काही न लिहिता फक्त चौकटी भरायच्या. एक गोष्ट मात्र अजून ठरलेली नाही: पडाव दांड्यावर अडकतो तेव्हा कारकून त्यात असावा, की त्याने किनाऱ्यावर उतारूंची यादी हातात धरून उभे राहावे. पडावात असला तर प्रसंगाला वेग येतो. किनाऱ्यावर राहिला तर कोण-कोण चढले हे फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि बायकामाणसांचे प्रश्न त्याच्याकडे येतात. सध्या कल किनाऱ्याकडे आहे. दोन्ही तऱ्हांनी एकेक पान लिहून मग ठरवीन, आणि पुढची नोंद आंबा उतरल्यावर करीन.